मेंदूचा मुका मार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत एक पुष्प गुंफण्याची आज्ञा मंडळाच्या चालकांनी मला केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. माझ्या आधी या व्यासपीठावरून संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि नर्मदाखोऱ्याचा इतिहास अशा विषयांवर अधिकारी व्यक्ती बोलून गेल्या. मी वैद्य नव्हे आणि विद्वानही नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलेला आणि आता निवृत्तीकडे डोळे लावून बसलेला मी एक अधिकारी. आजच्या विषयात माझा अधिकार एवढाच, की मी त्या विषयाचा रुग्ण आहे.

मराठीत ‘मुका मार’ हा एक फार अर्थपूर्ण शब्द आहे. रक्त नाही, जखम नाही, हाड मोडलेले नाही, तरी आत मार बसलेला असतो. आपल्या शेजारच्या हिंदीत त्याला ‘अंदरूनी चोट’ म्हणतात, पण ‘मुका’ या विशेषणात जी व्यथा आहे ती त्यात नाही. हा मार स्वतःविषयी बोलत नाही आणि म्हणून त्याच्याविषयी कोणाची खात्री पटत नाही. पाठीला किंवा मांडीला असा मार लागला तर चार दिवसांनी काळेनिळे वळ तरी उमटतात. मेंदूला लागला तर तेही नाही. इंग्रजीत ज्याला कन्कशन म्हणतात तो मेंदूचा मुका मार होय. तो एकाहून अधिक वेळा बसला, तर त्याची लक्षणे महिनोन् महिने रेंगाळतात. त्या रेंगाळणाऱ्या काळात माणसाने कसे राहावे आणि त्याच्याशी इतरांनी कसे वागावे, हा आजचा विषय आहे.

प्रथम हे दुखणे काय आहे ते पाहू. आपला मेंदू कवटीच्या आत एका द्रवात तरंगत असतो. डोके एकाएकी झटक्याने हलले की मेंदू आतल्या आत हेलकावतो आणि त्यातील तंतू ताणले जातात. त्यासाठी डोके कशावर आपटलेच पाहिजे असेही नाही, जोराचा झटका पुरतो. शुद्ध हरपलीच पाहिजे हीदेखील चुकीची समजूत आहे. बहुसंख्य रुग्ण क्षणभरही बेशुद्ध होत नाहीत. हादऱ्यानंतर मेंदूच्या पेशींतील क्षारांचा तोल बिघडतो. तो सावरण्यासाठी पेशींना अधिक शक्ती हवी असते आणि नेमका त्याच वेळी रक्ताचा पुरवठा मंदावलेला असतो. जमा कमी आणि खर्च जास्त, अशी ही स्थिती असते. एक्स-रे किंवा सी. टी. स्कॅन घेतले तर ते बहुधा स्वच्छ येते. रक्तस्राव किंवा अस्थिभंग दाखविणे हे त्या यंत्राचे काम. ही तूट त्याला दिसत नाही.

प्रौढ माणूस यातून बहुधा दोनएक आठवड्यांत बाहेर पडतो, मुलांना महिनाभर लागू शकतो. काही जणांची लक्षणे मात्र तीन महिने उलटून गेली तरी हटत नाहीत. पूर्वी असा मार बसलेला असेल, तर पुढच्या वेळी सावरण्यास अधिक काळ लागण्याचा संभव असतो.

माझ्या बाबतीत असे तीन प्रसंग घडले. शाळकरी वयात हॉकीचा चेंडू कानशिलावर बसला. जबलपूर हे हॉकीचे गाव. रूपसिंगांचा जन्म येथलाच, १९०८ सालचा. तेव्हा त्या टेंगळाचा मला अभिमानच वाटला. दुसऱ्यांदा, चाळिशीत, पावसाळ्यात स्कूटर घसरली. शिरस्त्राण होते म्हणून कवटी वाचली, तरी महिनाभर डोके जड राहिले. तिसरा मार दिसायला सर्वांत क्षुल्लक होता. जिन्याखालच्या अंधारात ताठ उभे राहताना माथा तुळईला लागला, एवढेच. त्या क्षुल्लक माराने माझे दीड वर्ष घेतले.

त्या दीड वर्षाचे वर्णन थोडक्यात करतो. फाईल उघडली की दहाव्या ओळीला अक्षरे हलू लागत. बैठकीत दोघे जण एकदम बोलू लागले की अर्थ विरून जाई आणि नुसता आवाज उरे. ट्यूबलाइटचा प्रकाश डोळ्यांत सुईसारखा शिरे. घरातल्या कुकरच्या शिटीने दचकून मी ताटावरून उठत असे. वीस वर्षांच्या परिचिताचे नाव ओठावर येऊन अडे. झोप रात्री येत नसे आणि दुपारी आवरत नसे. सर्वांत क्लेशकारक म्हणजे स्वभाव बदलला. ज्या घरात आवाज चढवून बोलण्याची रीत नव्हती, तेथे माझा आवाज चढू लागला. आणि आरशात पाहावे तर चेहरा पूर्वीसारखाच टवटवीत. “तुम्ही तर अगदी ठणठणीत दिसता,” हे वाक्य त्या काळात मी किती वेळा ऐकले त्याची गणती नाही. एका वरिष्ठांनी स्कॅनचा अहवाल परत करीत “यात तर काहीच नाही” असे म्हटले, तेव्हा त्यांच्या स्वरात सहानुभूती नव्हती, शंका होती.

ही शंका मात्र नवीन नाही, तिला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आपले जबलपूर हे रेल्वेचे जंक्शन. मुंबईहून आणि कलकत्त्याहून आलेले लोहमार्ग १८७० च्या मार्चमध्ये येथेच जोडले गेले. त्याच काळात इंग्लंडात रेल्वे-अपघातांतून एक चमत्कारिक दुखणे पुढे आले होते. टक्कर होई, उतारू आपल्या पायांनी चालत घरी जाई, आणि काही दिवसांनी त्याला डोकेदुखी, विस्मरण, निद्रानाश आणि चिडचिडेपणा जडे. जॉन एरिक एरिक्सन या शल्यवैद्याने १८६६ साली आपल्या व्याख्यानांतून हे खरेखुरे शारीरिक दुखणे आहे असे मांडले. लोक त्याला ‘रेल्वेचा कणा’ म्हणू लागले, कारण मूळ इजा पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला असावी असा त्यांचा तर्क होता. नुकसानभरपाईचे दावे उभे राहिले. १८८३ साली हर्बर्ट पेज याने उलट बाजू मांडली, की अशा अनेक रुग्णांच्या कण्याला काहीच झालेले नसते, हा भीतीचा आणि मनाचा परिणाम आहे. पेज हा एका मोठ्या रेल्वे-कंपनीचा शल्यवैद्य होता, हे येथे लक्षात ठेवावे. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या स्फोटांनी हादरलेल्या सैनिकांबाबत हाच वाद पुन्हा झाला. हे शरीराचे दुखणे की मनाचे, का नुसतेच सोंग? आज आपण एवढे म्हणू शकतो, की शरीर आणि मन अशी भिंत मेंदूच्या बाबतीत घालताच येत नाही, आणि वळ न दिसणे हा सोंगाचा पुरावा नव्हे.

शंकेइतकेच घातक आहे ते कौतुक. १९८१ च्या जानेवारीत सिडनीच्या मैदानावर आपला संदीप पाटील शिरस्त्राणावाचून खेळत होता. ६५ धावांवर असताना लेन पॅस्कोचा चेंडू कानाजवळ बसून तो कोसळला. त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात तो पुन्हा खेळावयास आला आणि पुढच्याच ॲडिलेडच्या कसोटीत त्याने १७४ धावा काढल्या. माझ्या पिढीतील प्रत्येक मराठी मुलाने ही कथा ऐकली आहे. त्या शौर्याला मी आजही वंदन करतो. परंतु त्या कथेतून ‘डोक्याला लागले तरी उभे राहावे’ असा जो धडा आम्ही घेतला, तो वैद्यकाच्या दृष्टीने घातक आहे. पहिला मार भरून येण्यापूर्वी दुसरा बसला तर कोवळ्या वयात मेंदूला एकाएकी सूज येऊन प्राणावर बेतू शकते. हे क्वचित घडते, पण घडते.

क्रीडाजगताला हे उमगण्यास वेळ लागला. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये अशा खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घेण्याची मुभा १ ऑगस्ट २०१९ पासून मिळाली. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथला जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर लागला. तो बाहेर गेला, तपासणीनंतर परत आला आणि ९२ धावांवर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र डोके जड होऊन उठला आणि त्याला सामना सोडावा लागला. लक्षणे अशी उशिराही येतात. ऑस्ट्रेलियाचाच विल पुकोव्हस्की याने २०२१ साली भारताविरुद्ध पदार्पणात ६२ धावा केल्या. तीच त्याची एकुलती कसोटी ठरली. पुनःपुन्हा डोक्याला मार बसून थकवा आणि डोकेदुखी हटेना, तेव्हा २०२५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याने खेळाचा निरोप घेतला. त्याला कोणी भित्रा म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. हा मला काळाचा शुभसंकेत वाटतो.

आता उपायांकडे वळतो. या दुखण्यावर रामबाण औषध नाही. मला ज्यांचा उपयोग झाला आणि ज्यांना आजच्या वैद्यकाचा आधार आहे, अशाच गोष्टी सांगतो.

पूर्वी रुग्णाला अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे निजवून ठेवीत. आता ते मत बदलले आहे. पहिले एकदोन दिवस विश्रांती आणि त्यानंतर हलके चालणे, हा मार्ग २०२२ साली ॲम्स्टरडॅम येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनेही मान्य केला. मी पहाटे ग्वारीघाटावर चालू लागलो. नियम एकच होता : डोके ठणकू लागेल त्याच्या अलीकडे थांबावयाचे. प्रथम दहा मिनिटे, मग पंधरा, असे करीत सहा महिन्यांनी पाऊण तासावर पोहोचलो.

दुसरी गोष्ट हिशेबाची. मी एक वही घातली. दिवसाच्या शक्तीला मी शंभर रुपये मानले आणि कोणते काम किती रुपये खाते ते टिपले. अर्ध्या तासाची बैठक वीस रुपये, बाजारातली गर्दी तीस, शांतपणे पत्र लिहिणे पाच. महिनाभरात कळून आले, की अवघड काम सकाळी करावे, वीस मिनिटे वाचून डोळे मिटावेत आणि बरे वाटले त्या दिवशी मागची थकबाकी भरून काढण्याचा मोह आवरावा. त्या मोहाची किंमत पुढचे दोन दिवस द्यावी लागते.

तिसरी गोष्ट, सगळी लक्षणे मेंदूतूनच येतात असे नाही. डोकेदुखीचा काही भाग दुखावलेल्या मानेतून येतो आणि त्यावर व्यायामोपचार चालतात. घेरीचा उगम कधी कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियात असतो आणि त्याचेही व्यायाम आहेत. वेदनाशामक गोळ्या रोजच्या रोज घेत राहिल्यास त्या गोळ्यांचीच डोकेदुखी जडते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. झोपेची वेळ नियमित असावी, मद्य वर्ज्य असावे. आणि मन खचले तर त्याचाही उपचार लाज न बाळगता घ्यावा, कारण तो त्याच दुखण्याचा भाग आहे.

मुष्टियोद्ध्यांना वर्षानुवर्षे ठोसे खाऊन जडणाऱ्या विकाराचे वर्णन मार्टलंड या डॉक्टराने १९२८ सालीच केले होते. ते वाचून काही रुग्ण हाय खातात. परंतु तो विकार अगणित आघात सोसलेल्यांचा आहे. दोनतीनदा मार बसलेल्याने आपले भवितव्य त्यात पाहू नये, पुढचा मार टाळावा म्हणजे झाले.

या सर्वांहून मोठा उपाय माझ्या हातात नव्हता, तो माझ्या माणसांच्या हातात होता. माझ्या पत्नीने एके दिवशी कुकर मागच्या अंगणातल्या चुलीजवळ नेऊन ठेवला आणि त्याविषयी एक शब्द बोलली नाही. कचेरीतील एका कनिष्ठ सहकाऱ्याने माझ्या टेबलावरचा दिवा बदलून पिवळा लावला. गणेशोत्सवात आपल्या कार्यकर्त्यांनी माझी खुर्ची ध्वनिक्षेपकापासून दूर, दाराशी मांडली. या लोकांनी माझ्याकडे पुरावा मागितला नाही. औषधाने जे झाले नसते ते त्या विश्वासाने झाले. आज बव्हंशी बरा झालो आहे. संध्याकाळी अजूनही शब्द अडतात, म्हणून हे भाषण लिहून आणले आहे.

शेवटी मंडळाला एक विनंती. दरवर्षी आपण मुलांच्या क्रीडास्पर्धा भरवितो. कबड्डीत डोक्यावर डोके आदळते, हॉकीत चेंडू उडतो. त्या स्पर्धांच्या नियमपत्रिकेत या सुवर्णमहोत्सवी वर्षी एक ओळ वाढवावी : ज्याच्या डोक्याला मार लागल्याचा संशय येईल तो खेळाडू त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणार नाही, आणि डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज पुढेही नाही. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, न आवरणारी गुंगी, झटके, हातापायांतील अशक्तपणा किंवा डोळ्यांच्या बाहुल्यांत लहानमोठेपणा, यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. आणि एखादा मुलगा आठवड्यानंतर “पुस्तक वाचले की डोके दुखते” म्हणाला, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी त्याच्याजवळ घटकाभर बसावे.

मुका मार स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीने आपण बोलावे, एवढेच माझे मागणे आहे.