चुकलेल्या उत्तराची चौकट
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मंडळाच्या मुलांसाठी मराठीचा संवादी ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करावा, असा संकल्प आपण सोडला आहे. संगणकाला हात लावण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्यावी, एवढीच माझी विनंती. चित्रपटाप्रमाणे येथेही आधी स्टोरीबोर्ड लागतो. प्रत्येक पडद्यासाठी एक चौकट आखावी. तीत काय दिसेल, काय ऐकू येईल आणि मूल काय करील, हे लिहावे.

एक उदाहरण घेऊ. पडद्यावर पुस्तकाचे चित्र आहे. ‘माझे’ की ‘माझी’, हे मुलाने निवडायचे आहे. भोवताली हिंदी, आणि हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी. साहजिकच मूल ‘माझी’ निवडते. तेथे नुसती लाल फुली उमटली, तर ते शिकत काहीच नाही, फक्त हिरमुसते. म्हणून या उत्तरासाठी निराळी चौकट हवी: “हिंदीत तुझे बरोबर आहे. मराठीत आपण ‘ते पुस्तक’ म्हणतो, म्हणून ‘माझे’. आता ‘घर’ घेऊन पाहा.”

ही कल्पना नवी नव्हे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत नॉर्मन क्राउडर यांनी छापील पुस्तकांतही चुकलेल्या वाचकाला वेगळ्या पानावर नेऊन कारण समजावले होते.

या कागदी चौकटी प्रथम दोन-चार मुलांपुढे मांडाव्यात आणि ती कोठे अडखळतात ते पाहावे. कागदावरची दुरुस्ती खोडरबराने होते. तयार चित्रफितीची मोठी खर्चिक पडते.

आपली नातवंडे मराठी चुकतील. पण चुकण्याच्या भयाने त्यांनी आजीशी मराठी बोलणेच सोडू नये, याची तजवीज आपण करावयाची आहे.