आधी शब्द ऐकू येऊ द्या



घरात नवे स्पीकर आले, की थोड्याच दिवसांत एक तक्रार ऐकू येते. ‘आवाज भरपूर आहे हो, पण शब्दच कळत नाहीत.’ मग आवाज आणखी वाढवला जातो आणि शब्द आणखी बुडतात. माझा सगळा व्यवहार शब्दांशी, त्यामुळे ही तक्रार मला जरा जास्तच लागते. गाण्यातला शब्द हरवला, तर घरातल्या वयस्कर माणसांसाठी उरतो तो नुसता गलका. या दुखण्याचं मूळ पुष्कळदा गायकातही नसतं आणि स्पीकरच्या किमतीतही नसतं. ते असतं कपाटाच्या मागे, धुळीत, तारांच्या टोकांशी. मी तंत्रज्ञ नाही, साधा बी. ए. झालेला माणूस आहे. पण ही जोडणी समजायला पदवीपेक्षा धीर जास्त लागतो.

स्पीकरमध्ये लोहचुंबकाच्या फटीत तारेचं एक वेटोळं असतं. अॅम्प्लिफायरकडून आलेला प्रवाह त्यातून वाहिला, की ते मागे-पुढे हलतं आणि त्याला जोडलेला पडदा हवा ढकलतो. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली या रचनेचा स्पीकर मांडला. शंभर वर्षं उलटली, तरी घरोघरी तेच तत्त्व चालू आहे.

आता तारांकडे वळू. अॅम्प्लिफायरच्या मागे प्रत्येक स्पीकरसाठी एक लाल आणि एक काळं टोक असतं. स्पीकरच्या मागेही तसंच. लालला लाल, काळ्याला काळं, एवढाच नियम. पण एका बाजूची तार उलटी लागली, तर एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा ती मागे ओढतो. खर्जाच्या लाटा एकमेकींना खोडून टाकतात. दोन स्पीकरांच्या मधोमध उभा वाटणारा गायक कुठेतरी विरून जातो. गंमत म्हणजे काही जळत नाही, धूर येत नाही, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. खर्ज कमी वाटतो म्हणून आपण सबवूफर वाढवतो, त्यात शब्द बुजतात, ते कळेनात म्हणून सगळाच आवाज चढवतो. एका उलट्या तारेपायी एवढं रामायण!

पारख सोपी आहे. बातम्या लावा आणि दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसा. निवेदकाचा आवाज समोरून, मधून आला पाहिजे. तो डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटला, तर एकाच स्पीकरच्या तारा अदलाबदल करून पाहा.

मात्र तारांना हात लावण्यापूर्वी अॅम्प्लिफायर बंद करा आणि प्लगही काढा. तारेचं वरचं आवरण सेंटिमीटरभर सोला, आतले तांब्याचे धागे घट्ट पिळा. एकही धागा शेजारच्या टोकाला टेकता कामा नये. टेकला तर शॉर्ट होऊन अॅम्प्लिफायर जळू शकतो. तारेच्या महागड्या जाहिरातींना भुलू नका. दहा मीटर अंतरावर एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार नेली, तर जाऊन-येऊन विरोध होतो साधारण एक तृतीयांश ओहम. अडीच चौरस मिलिमीटरची घेतली, तर एक सप्तमांश. लांबवर जाड तार, जवळ साधी, इतकंच तारतम्य पुरे.

ओहमचा आकडा मात्र वाचायलाच हवा. आठ ओहमचे दोन स्पीकर एकाच टोकांना शेजारी शेजारी जोडले, तर अॅम्प्लिफायरला ते चार ओहमचे भासतात आणि त्याच्याकडून दुप्पट प्रवाह मागतात. त्याच्या पाठीवर ‘किमान आठ ओहम’ लिहिलं असेल, तर स्वयंपाकघरासाठी आणखी एक जोडी लटकवणं म्हणजे त्याच्या जिवावर उठणं.

सबवूफरचे प्रकार दोन. आजकाल घरात येतो त्यात बहुधा स्वतःचा अॅम्प्लिफायर असतो. अशा सबवूफरला मुख्य अॅम्प्लिफायरच्या ‘सब आउट’ या भोकातून एकच आवरणयुक्त केबल द्यायची. जुन्या अॅम्प्लिफायरला ती सोय नसते. मग सबवूफरच्या मागे स्पीकरच्या तारांसाठी टोकं असतील, तर मुख्य स्पीकरच्याच टोकांवरून तिथे तारा न्यायच्या. तो जवळजवळ प्रवाह खेचत नाही, त्यामुळे बोजा पडत नाही. दुसऱ्या प्रकारात स्वतःचा अॅम्प्लिफायर नसतो. त्याला स्वतंत्र अॅम्प्लिफायर द्यावा, स्पीकरच्या टोकांवर त्याचा भार टाकू नये.

सबवूफरवर ‘क्रॉसओव्हर’ नावाचं बटण असतं. कुठल्या स्वरापर्यंत बोलायचं, याची ती मर्यादा. ऐंशी हर्ट्झपासून सुरुवात करावी. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण शंभर हर्ट्झच्या आसपास असतो. मर्यादा दीडशेवर नेली, की सबवूफर गायकाच्या तोंडचे शब्द बोलू लागतो. खोलीच्या कोपऱ्यात तो ठेवला, तर खर्ज फुगतो. तेव्हा भिंतीपासून थोडा सरकवून पाहावा.

जोडणीनंतर ‘घूंऽऽ’ असा आवाज आला, तर दोन्ही यंत्रांचे प्लग एकाच बोर्डावर लावून पाहा. पण तो घालवण्यासाठी अर्थिंगची तिसरी पिन कधीही कापू नका. ती पिन आवाजासाठी नसते, जिवासाठी असते.

आणखी एक. चाळीस हर्ट्झच्या एका लाटेची लांबी साडेआठ मीटर भरते. अशा लाटांना भिंत फारशी अडवत नाही. शेजाऱ्याकडे गाण्याचे शब्द पोचत नाहीत, सूर पोचत नाही, पोचते ती फक्त धडधड. तिथे कुणी आजारी असेल, कुणाची उद्या परीक्षा असेल. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. पण नियमाची वाट कशाला पाहायची? रात्री सबवूफर बंद करावा. शब्द ऐकायला त्याची गरजही नसते.

सगळं जोडून झालं, की एक ओळखीचं गाणं लावा. सबवूफर एकदा बंद करा, एकदा चालू करा. बंद केल्यावर डग्ग्याचा घुमारा हरवल्यासारखा वाटला आणि चालू असताना त्याची वेगळी आठवणही झाली नाही, तर जोडणी जमली म्हणायची. मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला समोर बसवा आणि विचारा, ‘शब्द कळले का?’ ते ‘हो’ म्हणाले, की आवाजाचं बटण तिथेच राहू द्या.