परडीची ओल

श्रोतेहो, पाडवा आता पंधरा-सोळा दिवसांवर आलाय. तो झाला की तृतीयेला चैत्रगौर बसेल, आणि तिथून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर घरोघर हळदीकुंकवं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. या दिवसांत गौरीपुढे आपल्या हातची परडी असावी, असं वाटणाऱ्यांची संख्या हल्ली वाढते आहे, याचा मला फार आनंद आहे. म्हणूनच आजचा विषय आहे ‘वसंतासाठी परडी विणताना आणि सजवताना’.

सजावटीकडे मी येणार आहे. पण आधी एक ऐका. माझ्या हातात दोन कामट्या आहेत. एकाच बांबूच्या, एकाच दिवशी काढलेल्या. पहिली वाकवते. ... हा ‘कट्’ आवाज पोचला ना तुमच्यापर्यंत? आता दुसरी वाकवते. ... काही ऐकू आलं नाही. कारण ती मोडली नाही, माझ्या अंगठ्याभोवती वळून बसली आहे. पहिली कोरडी होती, दुसरी रात्रभर पाण्यात होती. आज मला जे सांगायचंय ते एवढंच आहे, आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. परडी ओलीवर उभी राहते.

विणायचं कसं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. आठ कामट्यांवर आठ आडव्या ठेवून बूड घालायचं, एकाआड एक पट्टी फिरवायची, एकाच पट्टीनं विणायचं तर उभ्या टोकांची संख्या विषम हवी, म्हणून एक टोक मधोमध चिरायचं. हे सगळं वर्गात चार दिवसांत येतं. येत नाही ती ओल ओळखायला. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली नक्षीची चित्रं घेऊन येतात, लोकर आणि आरसे घेऊन येतात, आणि कामट्या मात्र दुकानातून आणलेल्या तशाच खडखडीत कोरड्या काढून विणायला बसतात. बूड कसंबसं होतं. टोकं वर वळवायची वेळ आली की एक मोडते, मग दुसरी मोडते, मग डोळ्यांत पाणी. बाई, ते पाणी आधी बादलीत हवं होतं!

तुम्ही भाकरी करता ना? मग तुम्हाला हे कळायला अडचण नाही. ज्वारीच्या पिठाला कणकेसारखा चिकटपणा नसतो. कोमट पाणी घालून ते तळहातानं चांगलं मळलं नाही, तर थापताना कडा चिरतात. कामटीचंही तेच. ती पाणी पिऊन मऊ झालेली नसली तर वळणावर चिरते. आता पीठच जुनं असेल, त्याची विरी गेलेली असेल, तर कितीही मळा, भाकरी थापता येत नाही. तशी कामटीचीही विरी जाते. दोन-तीन वर्षं माळ्यावर पडलेली, घुणानं पोखरलेली कामटी आठवडाभर भिजवली तरी ती परडी धरणार नाही. ती चुलीत घाला आणि नवी आणा.

आणि पाणी जास्त झालं तर? पीठ हाताला चिकटतं. कामटी चार-चार दिवस पाण्यात राहिली की काळी पडते, तिला वास येतो, तिचे धागे सुटतात. जाड उभ्या कामट्यांना एक रात्र, बारीक पट्टीला तासभर, वेताला कोमट पाण्यात अर्धा तास, असा माझा साधारण हिशेब. पण हिशेबापेक्षा अंगठा खरा. पट्टी अंगठ्याभोवती गुंडाळा. आवाज न करता वळली की ती तयार.

भाकरीचं अजून संपलं नाही. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतो आपण. ते पाणी सुकायच्या आत भाकरी उलटावी लागते, नाहीतर ती तडकते, फुगत नाही. परडीत नेमका हाच क्षण बुडाच्या काठाशी येतो. बूड झालं, आता सगळ्या टोकांना उभं करायचं. इथे उठून चहा टाकायला जाऊ नका. फोन वाजला तर वाजू द्या. बुडाच्या कडेवरून ओला हात फिरवा, सगळी टोकं एका दमात वर वळवा, सुतळीनं शेंड्याला एकत्र बांधा, आणि मग उठा. फाल्गुन-चैत्राच्या कोरड्या हवेत पंख्याखाली बसलात तर दहा मिनिटांत कामटीची ओल जाते. मी पंखा बंद ठेवते आणि सकाळी ऊन चढायच्या आत विणते.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बुरूडकाकू बसायच्या. सुपं, टोपल्या, रोवळ्या, दुरड्या, सगळं त्यांच्या हातून व्हायचं. त्यांच्या उजव्या बाजूला कायम एक ओलं गोणपाट असे आणि त्याखाली पट्ट्या झाकलेल्या. एका वेळी एकच पट्टी बाहेर काढायच्या, तीही गोणपाट पुरतं न उचलता, कोपऱ्यातून ओढून. लहानपणी मला वाटायचं त्या काहीतरी लपवून ठेवतात. त्या ओल लपवत होत्या, उन्हापासून. मी पहिली परडी केली तेव्हा हे गोणपाट मी वगळलं. दिसायला परडी छान झाली. हळदीकुंकवाच्या दिवशी तीत भिजवलेले हरभरे भरले आणि उचलताना बूड एका बाजूनं उसवलं. उलटून पाहिलं तर कडेच्या पाच कामट्या वळणावर चिरलेल्या होत्या. विणतानाच चिरल्या होत्या, मला नंतर दिसल्या.

आता यातली दुसरी गोष्ट, जी पुष्कळांच्या लक्षात येत नाही, म्हणून दोनदा सांगते. ओल विणताना हवी, सजवताना नको. विणताना हवी, सजवताना नको. ओली पट्टी फुगलेली असते. सुकली की ती अंग चोरते आणि विणीत फटी पडतात. म्हणून काठापर्यंत आलात की थांबा. परडी सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस ठेवा. उन्हात नाही, उन्हात एक बाजू आधी सुकते आणि परडी तिरकी होते. दोन दिवसांनी विणीच्या ओळी बोटांनी खाली दाबून घट्ट बसवा. चार बोटं जागा मोकळी होईल, ती पुन्हा विणून भरा. मग वरची टोकं तेवढी ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करा आणि काठ बांधा. या दोन दिवसांची घाई केलेली परडी मी लांबून ओळखते. ती खुळखुळते.

सजावट. इथे माझी कळकळीची तक्रार आहे. विणून झालेल्या परडीला लोक संध्याकाळीच ऑइल पेंट नाहीतर व्हार्निश फासतात. आत ओल तशीच असते, तिला बाहेर पडायला वाट राहत नाही. पंधरा दिवसांत बुडाशी काळे ठिपके येतात, ती बुरशी. मग म्हणायचं, बांबू टिकत नाही! अहो, आपल्या आज्या दुरडीत गरम भाकऱ्या ठेवायच्या त्या का? वाफ फटीतून निघून जाते, भाकरीला पाणी सुटत नाही. ज्या टोपलीत पीठ ठेवायचं तिला मेथ्या आणि कागदाचा लगदा लावायच्या, पण टोपली पुरती वाळल्यावर. कशाला बुजवायचं आणि कशाला श्वास घेऊ द्यायचा, हे त्यांना बरोबर माहीत होतं.

रंग द्यायचाच तर विणायच्या आधी पट्ट्यांना द्या. या दिवसांत पळस फुललेला असतो. खाली पडलेली फुलं गोळा करा, पाण्यात उकळा, गाळा, आणि त्या पाण्यात पट्ट्या भिजत घाला. म्हणजे भिजवणं आणि रंगवणं एकाच पाण्यात झालं! पिवळा-केशरी रंग येतो. एक ध्यानात ठेवा, बांबूची हिरवी, तुळतुळीत साल रंग पीत नाही. एक तर ती सुरीनं खरवडून काढा, नाहीतर आतल्या बाजूच्या पट्ट्या वापरा. मी सालीच्या पट्ट्या बिनरंगी ठेवते आणि आतल्या रंगवते, दोन्ही आळीपाळीनं फिरवल्या की नक्षी आपोआप उठते. हळदीचा रंगही सुंदर येतो, पण उन्हात उडतो. गौरीच्या महिन्यापुरता तो चालेल.

गोंडे, कवड्या, आरसे डिंकानं चिकटवू नका, दोऱ्यानं बांधा, म्हणजे पुढच्या वर्षी सोडवता येतील. काठाला आंब्याची डहाळी आणि साखरेची गाठी बांधली की चैत्राला आणखी काय लागतं? हरभरे ठेवताना खाली केळीचं पान घाला. हरभऱ्यांची ओल बुडाला लागू देऊ नका. पाहा, पुन्हा ओलीवरच आले मी.

बांबू मिळत नाही म्हणणाऱ्यांसाठी एक-दोन गोष्टी. शेत असेल तर निरगुडीच्या फोका कापा, तुरीच्या तुराट्या असतील तर त्यातल्या बारीक, लवचीक निवडा. शेतकऱ्यांची डाली आणि पाट्या या फोका-तुराट्यांच्याच होतात. ताज्या निरगुडीला भिजवावंही लागत नाही, तिची स्वतःची ओल असते, फक्त कापल्यावर फार दिवस ठेवू नका. कोकणातल्यांना माणगा बांबू दारातच आहे. आणि बांधावर बांबूचं बेट लावायला आता भिऊ नका. 2017 साली वनकायद्यात दुरुस्ती झाली, जंगलाबाहेर वाढलेला बांबू कायद्याच्या लेखी झाड राहिला नाही. तोडायचा मात्र पावसाळ्यात नाही. तेव्हा नवे कोंब येत असतात. थंडीत तोडला तर घूणही कमी लागतो, कारण त्या वेळी बांबूत...

स्टुडिओच्या काचेतून खूण झाली आहे, दोनच मिनिटं उरलीत, आणि विणणाऱ्यांबद्दल बोलायचं राहिलंच. बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणला बसवेश्वरांच्या शरणांमध्ये, म्हणजे अनुयायांमध्ये, केतय्या होते, मेदार केतय्या, टोपल्या विणून पोट भरणारे. बुरूड समाज आजही त्यांना पूजतो. श्रमाबद्दल ते लोक काय मानत होते, त्यावर मला बोलायचं होतं, ते राहून जातंय.

पण एक राहू देणार नाही. पुण्यात बुरूड आळी आहे, तुमच्या गावातही बुरूडांची दोन-चार घरं असतील. ज्यांना विणायला सवड नाही त्यांनी तिथून परडी घ्या आणि भाव पाडून मागू नका. ज्यांना विणायचीय त्यांनी तिथे जाऊन तासभर नुसतं बसा, कामट्या त्यांच्याकडूनच विकत घ्या, आणि त्यांचा पाण्याचा हात कधी कुठे फिरतो ते बघा.

आणि आज रात्री झोपण्याआधी कामट्या बादलीत घाला. गोणपाटही त्याच पाण्यात बुडवून ठेवा.