घराचे कर्ज घरावर, शेतावर नाही

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले. आज मी लग्नाचे बोलणार नाही, घराचे बोलणार आहे. कापसाच्या भावाची बैठक आणि हा माणूस घराचे काय काढून बसला, असे कुणाला वाटेल. पण भावाचा आणि घराचा संबंध किती जवळचा आहे, ते थोड्या वेळाने तुमचे तुम्हीच सांगाल.

आपल्यातल्या बहुतेकांच्या डोक्यावर छप्पर आहे. पण ते कसले? आजोबांनी बांधलेले धाबे किंवा माळवद. त्यात भावाभावांच्या वाटण्या झाल्या. एकाच्या वाट्याला दीड खण, दुसऱ्याच्या वाट्याला ओसरी. त्याच खणात चूल, तिथेच लेकरांची दप्तरे आणि हंगामात तिथेच कापूस. रात्री त्याच्यावर अंथरूण टाकायचे आणि सकाळी अंग खाजवत उठायचे. मायबहिणींना हे सांगायला नको. ज्याच्या घरात कापूस ठेवायला जागा नाही, तो भावाची वाट पाहू शकत नाही. वेचणी झाली की मिळेल त्या भावाने घालून मोकळा होतो. म्हणून नीट घर ही आपल्याकडे चैन नाही. ते शेताचेच एक अवजार आहे.

नोकरदाराचा हप्ता आणि आपला हप्ता

आता हिशेब करू. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर स्लॅब, असे साधे घर ६ लाखांत होते असे धरा. तुमच्या गावात कमी-जास्त लागत असेल, आकडा बदलून घ्या.

गावातल्या मास्तरांना घर बांधायचे आहे. ते पगाराची पावती घेऊन बँकेत जातात. ६ लाखांचे कर्ज, व्याज ९ टक्के, मुदत १५ वर्षे. महिन्याला ६,०८६ रुपये हप्ता बसतो. पंधरा वर्षांत एकूण फेड होते १० लाख ९५ हजार. म्हणजे घर ६ लाखांचे आणि व्याज जवळपास ५ लाखांचे. तरी मास्तरांना ते जड जात नाही. पगार दर महिन्याला येतो, हप्ता दर महिन्याला जातो. जुन्या करपद्धतीत राहिले तर व्याजापोटी वर्षाला २ लाखांपर्यंत वजावटही मिळते. मास्तरांवर आपला राग नाही. त्यांना मिळते ते मिळू द्या. प्रश्न आपला आहे.

आपण त्याच बँकेत गेलो तर साहेब पहिले विचारतात, पगाराची पावती कुठे आहे? आपल्या घरात पैसा येतो वर्षातून एकदा, फार तर दोनदा. कापसाचा चुकारा दिवाळीनंतर मिळतो, थोडी ज्वारी विकली तर तिचे चार पैसे. घरकर्जाचा हप्ता मात्र ज्येष्ठातही भरायचा आणि श्रावणातही. ९० दिवस हप्ता थकला की खाते थकीत धरले जाते. पेरणी ते पहिली वेचणी यातच ९० दिवस निघून जातात. पीककर्जाला बँका हंगामाचा हिशेब लावतात. शेतकरी तोच, बँक तीच, पैसाही त्याच कापसाचा. घराचे कर्ज म्हटले की मात्र हंगाम विसरला जातो.

सरकारी बँकेने परत पाठवले की मग घरकर्ज देणाऱ्या लहान कंपन्यांचे एजंट दारात येतात. कागद कमी मागतात, व्याज जास्त लावतात. तेच ६ लाख १५ टक्क्यांनी घेतले तर हप्ता ८,४०० च्या आसपास जातो आणि एकूण फेड १५ लाखांवर. एक घर बांधायचे आणि अडीच घरांचे पैसे मोजायचे.

हप्ता कापसात मोजा

आपल्या माणसाने हप्ता रुपयात मोजूच नये, कापसात मोजावा. मास्तरांचा ९ टक्क्यांचा हप्ता वर्षाला ७३ हजार होतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये ठरला. त्या भावाने वर्षाचा हप्ता म्हणजे ९ क्विंटल कापूस. तोच कापूस गावात व्यापाऱ्याने ७,००० ने नेला, तर हप्त्याला जवळपास साडेदहा क्विंटल लागतो. कोरडवाहू पाच एकरांत एकरी पाच क्विंटल धरला तर माल होतो २५ क्विंटल. त्यातून बियाणे, खत, फवारणी, निंदण आणि वेचणी वजा करा. नंतर घरचे धान्य, औषधपाणी आणि लेकरांच्या फिया आहेतच. उरते किती, हे मी सांगण्यापेक्षा तुम्हीच बोटांवर मोजा.

२०२१-२२ च्या हंगामात कापूस १०,००० च्या वर गेला होता. त्या साली ज्यांच्या घरात माल होता, त्यांच्यापैकी किती जणांनी जोते घातले, कुणी पत्रे काढून स्लॅब टाकला, ते आपापल्या गावात जाऊन पाहा. त्यांना काटकसर कुणी शिकवली नव्हती. चार पैसे उरले आणि त्यांच्या भिंती झाल्या. उलट १९ ऑगस्ट २०२५ ला, वेचणी तोंडावर असताना, कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ झाले आणि ती माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. दिल्लीत एका कागदावर सही होते आणि इथे कुणाचे तरी जोते आणखी एक वर्ष पुढे जाते. भावाचा आणि घराचा संबंध तो हाच. शिल्लक नसेल तर बचत होत नाही, आणि कर्ज फेडायलाही शिल्लकच लागते.

घरकुलाच्या यादीत कोण?

कुणी म्हणेल, घरकुल आहे ना. आहे. १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास सुरू झाली. २०१६ मध्ये तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण आली. मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. महाराष्ट्राने २०२५ मध्ये त्यात आपले ५० हजार घालायचा निर्णय घेतला. ज्याला डोक्यावर काहीच नाही त्याला ते मिळालेच पाहिजे. ज्याचे नाव यादीत आहे त्याने हक्काने घ्यावे आणि हप्ता सोडवायला कुणाला एक रुपया देऊ नये.

पण निकष वाचा. २०२४ मध्ये ते सैल झाले. घरात दुचाकी किंवा फ्रिज आहे म्हणून आता नाव कटत नाही. तरीही पाच एकर किंवा जास्त कोरडवाहू जमीन असेल तर माणूस यादीबाहेर. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५० हजार किंवा जास्त असेल तरी यादीबाहेर. म्हणजे पेरणीसाठी कर्ज घेतले, हीच श्रीमंतीची खूण! पाच एकर कोरडवाहूचा धनी घरकुलाला श्रीमंत ठरतो आणि घरकर्जाला गरीब. दोन्ही दारांमधून परत आलेला हा माणूस शेवटी कुठे जातो, ते आपल्याला ठाऊक आहे.

शेत घालून घर बांधू नका

तो सावकाराकडे जातो. शेकडा तीन रुपये महिना, म्हणजे लाखाला वर्षाचे ३६ हजार नुसते व्याज. आणि सावकार आता गहाणखत करत नाही, सरळ खरेदीखत करून मागतो. “पैसे दिलेस की जमीन तुझी तुला परत करून देतो,” असे तोंडी सांगतो. तोंडी शब्दाला रजिस्टर कचेरीत किंमत नाही. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. व्याजात जमीन गेली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. पण अर्ज करण्याची पाळी येण्याआधीच सही थांबवलेली बरी.

दुसरी वाट त्याहून फसवी आहे, कारण ती सोपी वाटते. पीककर्ज उचलायचे आणि त्यातून सळई, सिमेंट आणायचे. पेरणी मग उधारीवर. एक पाऊस दगा देतो, बोंडअळी येते आणि पीककर्ज थकते. पुढच्या वर्षी बँक दारात उभे करत नाही आणि सातबारावरचा बोजा तसाच राहतो. घर अर्धे आणि शेत अडकलेले.

म्हणून एकच गोष्ट इथून घेऊन जा. घराचे कर्ज काढायचे तर ते घरावर काढा, शेतावर नाही. घरावर काढलेले कर्जही खेळ नाही, हेही सांगतो. २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे कर्ज थकले तर बँक ६० दिवसांची नोटीस देऊन, कोर्टात न जाता घराचा ताबा घेऊ शकते. शेतजमिनीला तो कायदा लागू नाही. पण घर गेले तर शेत पुन्हा घर उभे करू शकते. शेत गेले तर नुसते घर काय खायला घालणार?

नमुना आठ म्हणजे मालकी नव्हे

घरावर कर्ज काढायचे तर घराचा कागद लागतो, आणि गावठाणात खरी अडचण तिथेच आहे. ग्रामपंचायतीचा नमुना आठ पुष्कळांकडे असतो. तो घरपट्टीचा उतारा आहे. पट्टी कोण भरतो ते त्यात कळते, जागा कुणाची ते त्यातून सिद्ध होत नाही. बँकेला मालकीचा कागद हवा, म्हणजे मिळकत पत्रिका किंवा सनद.

२४ एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी सुरू झाली. १८ जानेवारी २०२५ ला एकाच दिवशी देशात ६५ लाखांहून अधिक मिळकत पत्रिका वाटल्या गेल्या, त्यात महाराष्ट्रही होता. आपल्या गावची मोजणी झाली असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कचेरीत जाऊन पत्रिका पाहा, नाव आणि क्षेत्र तपासा. मोजणी व्हायची असेल तर त्या दिवशी घरी राहा. चुन्याने हद्द आखताना शेजाऱ्याला सोबत घ्या. चूक दिसली तर चौकशीच्या वेळीच लेखी हरकत द्या.

आणि आधी घरातला गुंता सोडवा. जागा अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारस नोंद करा. भावांची वाटणी कागदावर आणा. बहिणींचाही हक्क असतो, त्यांच्याशी बोलल्याशिवाय सह्या मागायला जाऊ नका. ग्रामपंचायतीत घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावण्याची सोय २००३ पासून आहे. ती वापरा. घरधनीण कागदावर असली की एकट्याच्या सहीने घर जात नाही.

टप्प्याने बांधा

कर्ज कमी कसे पडेल? आधी जमवून. ६ लाखांपैकी ३ लाख पाच-सहा हंगामांत बाजूला टाकले आणि उरलेल्या ३ लाखांचेच कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले, तर हप्ता ४,८२७ रुपये बसतो. व्याज जाते सव्वा लाखाच्या आत. सगळे कर्जाने केले तर तेच व्याज पाच लाखांच्या घरात. तोवर सिमेंट-सळई महागेल, हे खरे. त्यासाठी एकदम न बांधता टप्प्याने बांधा. बरे साल आले की जोते. पुढच्या बऱ्या सालात कॉलम आणि भिंती. सळई-विटा साठवता येतात. सिमेंट साठवू नका, ते दोन-तीन महिन्यांत उतरते. नकाशा मात्र पहिल्या दिवशीच पुरा करून घ्या आणि कापसाच्या खोलीला जागा सोडा. ती चुलीपासून लांब असू द्या.

जमवलेला पैसा चुकारा मिळेल त्याच दिवशी वेगळा करा. चार दिवस खिशात राहिला की त्याला पाय फुटतात. बँकेतल्या ठेवीला, जिल्हा बँकेतल्या ठेवीलाही, ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. टक्काभर जास्त व्याजासाठी घराचा पैसा तिथे घालू नका.

ठराव

आपापल्या तालुक्याच्या बैठकीत तीन ठराव करा. पहिला, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरकर्जाचा हप्ता वर्षातून एकदा, कापसाच्या हंगामानंतर घ्यावा आणि थकबाकीही हंगामाने मोजावी. दुसरा, पीककर्जाची मर्यादा घरकुलाच्या निकषातून काढून टाकावी. तिसरा, प्रत्येक गावठाणाची मोजणी पुरी करून मिळकत पत्रिका घरमालकाच्या हाती द्यावी.

घर फुकट द्या, असे आपण म्हणत नाही. घर बांधण्याइतकी ताकद आपल्या मनगटात आहे आणि आपल्या काळ्या मातीतही आहे. मालाला भाव, घराला कागद आणि हंगामाला हप्ता, एवढे जमले की आपल्या भिंती आपण उभ्या करू. तोपर्यंत सातबारा जपा. कुणी घराच्या नावाने त्याच्यावर सही मागितली, तर मायबहिणींनो, पेन तुम्ही हिसकावून घ्या.