महाविद्यालयाचे दार आणि अर्जातील एक रकाना

(अकोला येथे नवदीक्षित कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपणांपैकी अनेकांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे, आणि काहींची मुले ह्या वर्षी बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाली आहेत. ह्या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध, असे कोणी विचारील. तो संबंध महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जावर आहे. त्या अर्जात नाव, गाव आणि जात ह्यांच्याबरोबर 'धर्म' असा एक रकाना असतो. तो भरताना पुष्कळ बापांचा हात थांबतो. आज मला त्या थांबलेल्या हाताविषयी बोलावयाचे आहे.

अमरावतीचे सरकारी महाविद्यालय आपणांस ठाऊक आहे. ते १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज ह्या नावाने निघाले, पुढे विदर्भ महाविद्यालय झाले आणि आज त्यास शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था म्हणतात. नावे बदलली, परंतु ते पूर्वीही रयतेच्या पैशावर चालले आणि आजही चालते. त्या पैशात वऱ्हाडच्या काळ्या मातीत कापूस पिकविणाऱ्या आणि वेचणाऱ्या आपल्या आजा-पणज्यांच्या घामाचा वाटा होता. म्हणून तेथे आपला मुलगा गेला, तर तो कोणाच्या मेहेरबानीने गेला असे समजण्याचे कारण नाही.

हे महाविद्यालय निघाल्यावर चारच वर्षांनी, नोव्हेंबर १९२७ मध्ये, त्याच अमरावती शहरात पूज्य बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. प्रश्न होता अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश मिळण्याचा. एकाच गावात एकीकडे पदार्थविज्ञानाचे वर्ग भरत होते आणि दुसरीकडे माणसाच्या सावलीचा विटाळ मानला जात होता! मंदिराचे दार उघडपणे बंद होते. महाविद्यालयाचे दार कागदावर तरी बंद नव्हते. मग खेड्यातील आपला मुलगा तेथपर्यंत का पोहोचू नये?

पोहोचणार कसा? बडनेऱ्याला गाडीतून उतरून अमरावतीस गेलेल्या मुलाने रात्री निजावे कोठे? जेवावे कोणाच्या पंक्तीस? भाड्याची खोली मागावयास गेले की पहिला प्रश्न आडनावाचा. दार उघडे असून भागत नाही. दारापर्यंतची वाट आणि संध्याकाळची भाकरी ह्यांचीही सोय लागते. डॉ. पंजाबराव देशमुखांनी हे ओळखले होते. त्यांनी अमरावतीस सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले, १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली, आणि त्याच संस्थेचे महाविद्यालय १९५४ साली येथे अकोल्यास सुरू झाले. बाबासाहेबांचीही दृष्टी हीच होती. १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय निघाले ते नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग घेऊन. १९५० साली औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय निघाले आणि तेथे वसतिगृहांना वर्गांइतकेच महत्त्व मिळाले. लोकांच्या पोटाची आणि कामाच्या वेळेची नोंद जे महाविद्यालय घेते, ते लोकांचे.

आता त्या रकान्याकडे वळू.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्म मानणाऱ्यांपुरत्या ठेविल्या होत्या. १९५६ मध्ये शिखांचा त्यात समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरास आपल्या लोकांनी बुद्धास शरण जाऊन जुना धर्म टाकला, आणि त्याबरोबर कायद्याच्या दृष्टीने त्या सवलतीही टाकल्या. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने आपल्या अधिकारातील सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राचे दार मात्र तब्बल चौतीस वर्षे बंद राहिले. १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त केला, तेव्हा हिंदू व शीख ह्या शब्दांच्या जोडीला बौद्ध हा शब्द आला.

ह्या चौतीस वर्षांच्या मधल्या काळातला मी विद्यार्थी. १९७२ च्या दुष्काळाचे ते वर्ष. माझे वडील सालदार होते. आम्ही एका कार्यालयात कागद घेऊन गेलो असता तेथील कारकून सहानुभूतीनेच म्हणाला, "बौद्ध लिहू नका. उद्या केंद्राच्या नोकरीत ह्याचा उपयोग नाही. जुनेच लिहा, कोण पाहतो?" वडिलांनी माझ्याकडे पाहिले. त्यांस लिहिता येत नव्हते. "बौद्धच लिव," एवढेच ते बोलले. मी लिहिले. त्यामुळे काही गमावलेही. ते आज मोजीत बसत नाही. परंतु त्या माणसाचा सल्ला दुष्टपणाचा नव्हता, आणि म्हणूनच तो अधिक घातक होता.

आज तुमच्यावर ती पाळी नाही. धर्म बौद्ध आणि वर्ग अनुसूचित जाती, ह्या दोन्ही नोंदी एकाच अर्जावर कायदेशीरपणे उभ्या राहतात. तरीही भीती गेलेली नाही, हे मी घरोघरी पाहतो.

एक गोष्ट मात्र मनाला बोचते. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा कोतवाल बुकातील नोंद. त्या कागदावर जातीचे तेच नाव असते, जे आपण दीक्षाभूमीवर टाकून आलो. एका तरुणाने मला रागाने विचारले, की तो कागद जपावयाचा कशासाठी? मी त्यास म्हटले, धर्म बदलल्याने तुझे मन मोकळे झाले, परंतु पिढ्यान्‌पिढ्या जे शिक्षण व जी जमीन नाकारली गेली ती त्या दिवशी परत मिळाली नाही. तो कागद म्हणजे त्या येण्याची पावती आहे. पावती कोणी फाडून टाकीत नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. प्रवेश होतात जून-जुलैत. त्या वेळी आपल्या घरी दाणा नसतो, आणि कापसाचे चार पैसे दिवाळीच्या सुमारास दिसतात. खाणावळ मात्र पहिल्या दिवसापासून पैसे मागते. ह्यासाठीच शासकीय वसतिगृहे आहेत. तेथे जागा न मिळालेल्या बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे. तेथे बौद्ध म्हणवून घेण्यास संकोच कशाचा? अर्ज वेळेवर करा. पैसा उशिरा आला तर समाजकल्याण कार्यालयात एकट्याने न जाता चार पालक मिळून जा.

मुलींविषयी वेगळे सांगावयास नको असे वाटत होते, परंतु सांगतो. मागील वर्षी ज्या घरांतून अर्ज आले, त्यांत मुलाचा अर्ज आधी व मुलीचा शेवटच्या दिवशी, असे मी पाहिले. ह्या वर्षी दोन्ही एकाच दिवशी आणा.

सभा संपल्यावर आम्ही काही जण मागच्या खोलीत बसणार आहोत. गुणपत्रिका, आजोबांचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला ज्यांनी आणला असेल त्यांनी थांबावे. ज्यांचे कागद अपुरे आहेत त्यांनीही थांबावे. कोणता कागद कोठे मिळेल ते लिहून देऊ. धर्माचा रकाना मात्र तुम्ही स्वतःच्या हाताने भरा.

जय भीम.