मोटारीचें स्नान : दोन लेपांच्या मधल्या काळांत



मोटार ही आतां श्रीमंतांच्या वाड्यापुढचीच वस्तु राहिलेली नाहीं. कळमनुरीच्या शिक्षकाच्या दारांत ती उभी असते, सेनगांवच्या शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारीं असते, आणि हिंगोलीहून नांदेडला उतारू नेणाऱ्या चालकाचें तर तिच्यावरच पोट असतें. कर्ज काढून घेतलेली ही वस्तु पुढेंमागें विकावयाची झाली, म्हणजे घेणारा प्रथम तिचा रंग पाहतो. म्हणून पुष्कळजण अलीकडे रंगावर मेणाचा किंवा सिरॅमिकचा संरक्षक लेप देववितात, आणि आतां गाडी धुण्याची कटकट संपली असें समजतात. घोटाळा होतो तो येथेंच. लेप देणें हें एकदोन दिवसांचें काम आहे. एका लेपापासून दुसऱ्या लेपापर्यंतचे महिने निभावून नेणें हें खरें काम, आणि तें सर्वस्वीं धुण्याच्या रीतीवर अवलंबून असतें.

प्रथम हा लेप म्हणजे काय तें पाहूं. गाडीच्या पत्र्यावर अस्तराचा थर, त्यावर रंग आणि सर्वांवर एक पारदर्शक थर असतो. हे सारे थर मिळून जाडी मिलिमीटरच्या एकदशांशाच्या आसपास भरते. त्यावर दिलेला लेप तर याहूनही कितीतरी पातळ. ब्राझील देशांतील एका ताडजातीच्या झाडाच्या पानांपासून मिळणारें कार्नौबा मेण घ्या, कीं वाळूच्याच घटकद्रव्यापासून बनलेला सिरॅमिक लेप घ्या; दोन्ही पाण्याला व मळाला चिकटूं देत नाहींत, एवढाच त्यांचा गुण. दगडाचा ओरखडा अडविणारें तें चिलखत नव्हे.

आणि आपल्याकडे दगड तर हवेंतच उडत असतो. आपली काळी जमीन ज्या काळ्या कातळापासून झाली, त्यांतील पुष्कळ खनिजें कठिणपणाच्या दहा अंशी श्रेणींत सहाच्या जवळपास येतात. त्याच कातळाच्या पोटांत सांपडणाऱ्या गारगोट्या सातव्या अंशाच्या. गाडीचा पारदर्शक थर यांच्यापुढें मेणासारखा मऊ. मार्च-एप्रिलांत औंढ्याच्या रस्त्यानें आलेल्या गाडीवर कोरडें फडकें फिरविलें, म्हणजे धूळ पुसली जात नाहीं, ती रंगावर घासली जाते. उन्हांत रंगावर जीं कोळ्याच्या जाळ्यासारखीं वर्तुळें चमकतात, तीं बहुतेक अशा कोरड्या फडक्याचीं असतात. फडका मारून दिवसाचा आरंभ करणाऱ्या चालकांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

दुसरा शत्रु पाण्यांतच लपलेला आहे. आपल्या विहिरींचें व विंधनविहिरींचें पाणी बहुधा जड असतें. त्यांत चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. तापलेल्या पत्र्यावर असें पाणी वाळलें कीं प्रत्येक थेंबाच्या जागीं पांढरा डाग राहतो. लेप असलेल्या गाडीवर पाणी थेंबाथेंबानें उभें राहतें, म्हणून हे डाग तेथें अधिकच उठून दिसतात. यास उपाय दोन : गाडी सावलींत आणि सकाळीं धुवावी, व धुऊन होतांच मऊ, स्वच्छ टॉवेलानें पाणी टिपून घ्यावें, वाऱ्यावर वाळूं देऊं नये.

तिसरी गोष्ट साबणाची. कपड्यांची पावडर किंवा धुण्याचा सोडा तीव्र क्षारयुक्त असतो. मळाबरोबर तो मेणाचा लेपही उतरवितो. आपला साबण तसा आहे कीं नाहीं हें पाहण्याची परीक्षा आपल्या घरांतच आहे. हळदीचा डाग पडलेल्या कपड्यास साबण लावतांच डाग लाल होतो, हें घरोघरच्या बायकांस ठाऊक आहे. ज्या वसमत-हिंगोलीच्या बाजारांत हळदीचे ढीग लागतात, तेथील माणसाला दुसरें साधन कशाला हवें? पाण्यांत कालविलेली हळद पांढऱ्या कागदास फांसून वाळवावी, आणि साबणाच्या पाण्याचा एक थेंब त्यावर टाकावा. कागद लाल झाला तर तो साबण कपड्यांसाठीं ठेवावा. पिवळाच राहिला तर गाडीस चालेल.

आतां रीत सांगतों. दोन बादल्या घ्याव्या. एकींत साबणाचें पाणी, दुसरींत नुसतें. प्रथम गाडीवर हळुहळू पाणी सोडून माती भिजूं द्यावी. मग टपापासून खालीं, सरळ रेषेंत, मऊ कापड अलगद फिरवावें. गोल घांसूं नये. प्रत्येक भाग झाला कीं कापड नुसत्या पाण्याच्या बादलींत खळबळून मगच साबणांत बुडवावें. चाकें सर्वांत शेवटीं व वेगळ्या कापडानें धुवावीं. पक्ष्याची विष्ठा दिसल्यास आठवड्याची वाट पाहूं नये. ओलें कापड तिच्यावर कांहीं मिनिटें ठेवून अलगद उचलून घ्यावी. सिरॅमिक लेप नुकताच दिला असेल, तर तो पक्का होईपर्यंत, साधारण आठवडाभर, गाडी धुऊं नये. नेमके दिवस लेप देणाऱ्यास विचारावे.

लेप गेला कीं राहिला, हें कसें ओळखावें? पाण्याचे थेंब पसरूं लागले म्हणजे लोक लगेच दुसरा लेप देण्याची घाई करतात. परंतु कित्येकदां लेप शाबूत असतो आणि त्यावर मळाची साय धरलेली असते. म्हणून आधीं नीट धुवावें, मग पुन्हां पाणी शिंपडून पाहावें. थेंब पुन्हां गोल उभे राहिले तर खर्च वांचला. न राहिले, तर मात्र या वेळीं धुण्याचा हेतु पालटतो : एरवीं लेप जपावयाचा, आतां जुन्या मेणाचा उरलासुरला अंशही काढावयाचा. अमेरिकेंत १९२३ च्या सुमारास लवकर वाळणारे ड्यूको रंग आले. त्यापूर्वींचे कारागीर वार्निशाचे हात एकामागून एक देत, आणि खालचा हात वाळवून, घासून, धुऊन निर्मळ केल्याखेरीज वरचा हात देत नसत. तो नियम आजही जुना झालेला नाहीं. मळावर दिलेला लेप मळालाच चिकटतो.

शेवटीं एक गोष्ट. ज्या जिल्ह्यांत उन्हाळ्यांत कित्येक गांवांना टँकरची वाट पाहावी लागते, तेथें नळी मोकळी सोडून गाडी धुणें शोभत नाहीं. नदीच्या पात्रांत गाडी उतरवून धुण्यानें तर तेलकट घाण खालच्या गांवच्या पाणवठ्यावर जाते. दोन बादल्यांची रीत रंग जपते, लेप टिकविते आणि पाणीही वांचविते. गाडीचा मालक व शेजारचा तहानलेला माणूस, दोघांचें हित ज्या एका कामांत साधतें, असें काम क्वचित् सांपडतें. तें आपल्या हातीं आहे.