गटाराचे कर्ज फेडायचे कुणी?

(उत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्रम सरफोजीराजांनी बांधले. रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूकडे तेथे कुणी वर्गणी मागितली नाही. ते दिवस गेले. आता रस्ता, पाणी, गटार यांचा खर्च घरमालकाकडेच येतो. आपल्यापैकी अनेकांनी नव्या लेआउटमध्ये प्लॉट घेतले आहेत, म्हणून मी डिप्लोमावाला इंजिनिअर आज या विषयावर बोलतो आहे.

वसाहतीत सोयी आधी कराव्या लागतात, माणसे मागून येतात. म्हणून पैसा कर्जाने किंवा रोख्यांनी उभारतात. नवी मुंबईत मानखुर्द-बेलापूर रेल्वेचा ६७ टक्के खर्च सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलला. १९९२ साली गाडी वाशीला पोहोचली. सिडकोने आपला पैसा जमिनीच्या विक्रीतून आणि तिकिटावरच्या अधिभारातून वसूल केला. म्हणजे घर घेणारा आणि प्रवास करणारा, दोघांनी भार वाटून घेतला.

पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले. मुदत १० वर्षे, व्याज ७.५९ टक्के. वर्षाचे व्याजच १५ कोटींवर जाते आणि ते शेवटी पुणेकरांच्या करातूनच भरायचे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९८२ च्या कायद्याने नव्या वसाहतीच्या रोख्यांचा हप्ता तिथल्याच घरमालकांवर वेगळा कर म्हणून बसतो. घर विकले, तर तो कर नव्या मालकाकडे जातो.

आपल्या तमिळनाडूत आलंदूरने भुयारी गटारासाठी घरटी ५ हजार आणि व्यापाऱ्यांकडून १० हजार रुपये अनामत घेतली. बाकीची रक्कम मुख्यतः कर्जाने उभारली आणि जोडणीवर मासिक आकार बसवला.

आता माझी गोष्ट. आमच्या लेआउटमध्ये विकणाऱ्याने गटार तोंडी कबूल केले होते. ते झाले नाही. शेवटी आम्हीच कर्ज काढायचे ठरवले. माझा प्लॉट एक ग्राउंडचा, शेजारच्या निवृत्त गँगमनचा पाव ग्राउंडचा. बैठकीत मी म्हणालो, "सर्वांनी सारखे द्या, हिशोब सोपा." तो काही बोलला नाही. घरी सौभाग्यवतीने विचारले, "सोपा कुणाला?" त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या बैठकीत मीच सुचवले, की निम्मा खर्च घरटी सारखा आणि निम्मा क्षेत्रफळावर घ्यावा. घराची जोडणी सर्वांना सारखीच लागते, पण मोठ्या प्लॉटसमोर गटाराची लांबी जास्त असते. माझा हप्ता वाढला, पण शेजाऱ्याशी बोलणे राहिले.

कर्ज वाईट नाही. गटार तीस वर्षे वापरायचे, तर पहिल्याच वर्षीच्या रहिवाशांनी सगळे पैसे का भरावेत? पण वाटणी न्याय्य हवी.

म्हणून प्लॉट घेताना तीन गोष्टी लेखी घ्या: किमतीत कोणत्या सोयी आल्या, पुढे काय भरावे लागेल आणि ते कोणत्या मापाने. आपण उत्सवाच्या वर्गणीचीही पावती घेतो. घराच्या बाबतीत तेवढे तरी करू या.

गणपती बाप्पा मोरया!